न जेवणारी, न झोपणारी सून

गेल्या नवरात्रात आमच्या घरात कुणी उपास धरला नाही. घट बसले, अखंड दिवा लागला, रोजची माळ चढली, आणि त्याच घरात दोन्ही वेळा कुकरही लागला. ही बातमी नल्लकुंट्याहून काचीगुड्याला पोचायला काही वेळ लागला नाही. हैदराबादेतली आमची जुनी मराठी घरं मोजकी आहेत आणि कुणाच्या घरी काय शिजतं यावर सगळ्यांचं बारीक लक्ष असतं. "मास्तरीणबाई म्हातारपणी नास्तिक झाल्या," असं कुणी तरी म्हणालं म्हणे. मी नास्तिक झालेली नाही. देवीवर माझा राग नाही. राग कुणावर आहे ते सांगते.

मी जामबागेतल्या एका मुलींच्या शाळेत मराठी शिकवत असे. मराठीचे वर्ग बंद झाले तेव्हा हिंदी शिकवलं आणि मग निवृत्त झाले. आमचे हे सरकारी कचेरीत होते. सासरे वकील, धाकटे दीर वकील. या घराण्यात झोपेला कधी किंमत नव्हती. 'झोपला तो संपला' हे वाक्य मी लग्न होऊन आले त्या आठवड्यात ऐकलं आणि पुढं आयुष्यभर ऐकत राहिले. पहाटे उठणारी सून चांगली, सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणारी त्याहून चांगली, आणि उपास धरूनही पुरणाचा घाट घालणारी सगळ्यांत चांगली. मी हे सगळं केलं. कुणी जबरदस्ती केली नव्हती, कौतुक केलं होतं, आणि कौतुकापुढं बाईमाणसाचं काही चालत नाही.

मुलाचं लग्न झालं आणि सून पुण्याहून आली. कॉम्प्युटरवाली, मुलासारखीच, फक्त कंपनी वेगळी. आमच्या बोलण्याची तिला फार गंमत वाटायची. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथले, त्यामुळं आमच्या तोंडी 'नको'चं 'नक्को' होतं, 'हवा'चं 'होना' आणि 'हो'चं 'हौ'. ती माझी हुबेहूब नक्कल करायची. "आई, चहा होना की नक्को?" असं विचारून स्वतःच हसायची, मोठ्यांदा, सगळे दात दिसतील असं. दात फार सुरेख होते तिचे. आणि खायची. ताटात काय आहे ते नीट बघून, चव घेऊन, "आई, अजून वाढा" असं न लाजता म्हणून खायची. रविवारी उन्हं वर येईपर्यंत झोपायची. मी ह्यांच्यापाशी कुरकुरले होते, "सून आणली की पाहुणी?" हे म्हणाले, "तुला झोपू दिलं नाही म्हणून तिलाही नको का?" तेव्हा मला राग आला होता. आज तेच वाक्य मी फ्रेम करून लावीन.

मग तिला बढती मिळाली. हाताखाली माणसं आली आणि कामाची वेळ अमेरिकेची झाली. संध्याकाळी कंपनीची गाडी येऊन न्यायची, सकाळी सोडायची. दिवसा झोप म्हटलं तर खालून भाजीवाल्याची आरोळी, समोर बांधकाम. पोरगी डोळे चोळत वावरायची. ही ओढाताण काही महिने चालली आणि मग एकाएकी थांबली. म्हणजे काम थांबलं नाही, थकवा थांबला.

सकाळी गाडीतून उतरायची ती ताजीतवानी. अंघोळ करून थेट स्वयंपाकघरात. माझे मसाल्याचे डबे तिनं रिकामे केले, धुतले, पुन्हा भरले. माळा आवरला. साड्यांचं कपाट लावलं, मग तेच कपाट परत काढून पुन्हा लावलं. माझ्या सासूबाईंचा तांब्याचा मोठा हंडा आहे, काळाठिक्कर पडलेला. तो चिंच लावून असा घासला की त्यात तोंड दिसावं. मी मैत्रिणींना फोन करकरून सांगत होते की सून असावी तर अशी. तिकडं ऑफिसातही तिचं कौतुक चाललं होतं, सगळ्यांसमोर उभं करून टाळ्या वाजवल्या होत्या. ती वाळत चालली होती, पण वाळलेल्या बाईला आजकाल आजारी म्हणत नाहीत, 'मेन्टेन केलंय' म्हणतात.

त्यातच नवरात्र आलं. आमच्याकडे घरातल्या एका बाईनं नऊ दिवस कडक उपास धरायची रीत आहे. माझी साखर वाढल्यापासून डॉक्टरांनी मला मनाई केली होती आणि मी नुसता उठता-बसता, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या दिवसाचा, धरत होते. त्याची मनाला टोचणी होती. घट बसायच्या आदल्या दिवशी सून म्हणाली, "आई, मी धरते. पूर्ण." मला भरून आलं.

तिनं नऊ दिवस साबुदाण्याचा दाणा तोंडात घातला नाही. पाणी, लिंबूपाणी, कधी अर्धा कप दूध. सुट्टी घेतली होती तरी दिवसा आडवी झाली नाही. घटापाशी अखंड दिवा असतो, तो विझू नये म्हणून कुणी तरी जागं राहावं लागतं. तेही काम तिनं मागून घेतलं. अष्टमीला आमच्या मराठी महिला मंडळातल्या बायका हळदीकुंकवाला आल्या. त्यांत आमच्या मंडळाच्या सर्वांत ज्येष्ठ काकू होत्या. त्यांनी सुनेच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहिलं. डोळे मोठे, चमकदार, गाल बसलेले, कपाळावर घामाचे थेंब. "हिच्यात देवीच उतरली ग," असं म्हणून त्या सुनेच्या पाया पडायला वाकल्या. आम्ही तिची ओटी भरली. तिच्या जबड्याची सारखी हालचाल चालू होती, दातावर दात घासत होती. मला वाटलं, मनातल्या मनात जप करतेय.

हसू येतं ना? या, हसा. मलाही येतं, आणि मग पुढचं आठवतं.

दसऱ्याला पारणं झालं आणि ती झोपली. अशी झोपली की हलवून उठेना. उठली की पाणी प्यायची, पुन्हा कोसळायची. "उपासाचा शीण," असं आम्ही एकमेकांना सांगितलं. दिवाळीत फराळाच्या ताटातली चकली चावताना तिचा पुढचा दात मोडला. अर्धा तुकडा तळहातावर घेऊन ती बघत राहिली. चकली कडक झाली म्हणून मी स्वतःलाच बोल लावला. मग हात खाजवून खाजवून रक्त काढू लागली. म्हणे, कातडीखाली काही तरी चालतंय. मी कडुलिंबाचा पाला उकळून दिला. मग फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. मग खालच्या बाई जिन्यात कुणाशी बोलत असल्या की दाराला कान लावून उभी राहायची आणि म्हणायची, "माझ्याबद्दल बोलतायत." खालच्या बाई तेलुगू बोलतात. सुनेला तेलुगूचं अक्षर कळत नाही.

मुलगा घरूनच काम करतो, कानाला हेडफोन लावून. त्याला विचारलं तर म्हणाला, "स्ट्रेस आहे आई, सगळ्यांना असतो." मुलगाही याच घरात वाढलेला.

संक्रांतीच्या सुमारास एका दुपारी मी देवळातून आले तर घरातल्या सगळ्या विजेच्या बटणांच्या पाट्या उचकटून ठेवलेल्या. तारा लोंबत होत्या. सून स्टुलावर उभी होती, हातात स्क्रू काढायचा पेचकस. "यात माइक आहेत," म्हणाली. मी जवळ गेले तसा तिनं पेचकस माझ्यावर रोखला. "तुम्ही आई नाही. तुम्ही त्यांच्यातल्या आहात. माझ्या जेवणात काय घालता ते मला माहितेय." हीच मुलगी माझ्याकडं वरण मागून खात होती. मला भीती वाटली नाही असं खोटं सांगणार नाही. तेवढ्यात तिनं छातीवर हात दाबला, चेहरा पांढरा पडला आणि ती स्टुलावरून खाली आली. मी तिला अर्धवट झेलली, अर्धवट पडू दिली.

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं आम्हाला बाजूला बोलावलं आणि तेलुगूत शांतपणे सांगितलं. रक्तदाब भलताच वाढलाय, हृदयाचे ठोके बेफाम झालेत, आणि तपासणीत नशा सापडलीय. मेथ. पोरं त्याला आइस म्हणतात, दिसायला खडीसाखरेच्या खड्यांसारखं. ह्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "काही चूक तर नाही ना?" ती म्हणाली, चूक नाही. मग समजावून सांगितलं की हे घेतलं की भूक मरते, झोप जाते, अंगात राक्षसाचं बळ आल्यासारखं वाटतं. मग तोंड कोरडं पडून दात किडतात, कातडीखाली किडे चालल्याचा भास होतो, सगळं जग आपल्यावर टपलंय असं वाटतं. हृदय बंद पडू शकतं, मेंदूची नस फुटू शकते. आणि मग तिनं मला विचारलं, अगदी साधेपणानं, "अम्मा, इतके दिवस ती जेवत नव्हती, झोपत नव्हती. घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?"

"आलं होतं," मी म्हटलं. "आम्ही तिची ओटी भरली."

तिला ते कळलं नाही. मी समजावलंही नाही. पण त्या बाकावर बसल्या बसल्या मी एकेक लक्षण जुळवून पाहिलं आणि माझं डोकं भडकलं. जेवत नाही. झोपत नाही. थकत नाही. हूं की चूं करत नाही. रिकामी बसत नाही. ही विषबाधेची लक्षणं आहेत, आणि लग्नाच्या वयाच्या मुलाच्या आईला विचारा, चांगल्या सुनेचीही हीच आहेत. पोरीच्या रक्तात विष भिनत होतं आणि आम्ही सगळे मिळून, घर आणि ऑफिस, टाळ्या वाजवत होतो. ती खात होती, झोपत होती, खळखळून हसत होती तेव्हा मात्र मी कुरकुरत होते.

ती शुद्धीवर आल्यावर तिनं मला थोडं थोडं सांगितलं. तिच्याबरोबर काम करणाऱ्या एकीनं दिलं होतं, कॉफी समज म्हणाली होती. "पहिल्यांदा घेतलं ना आई, तेव्हा वाटलं आता मी कधीच थकणार नाही. ऑफिसही जमेल आणि घरही. तुम्हीही खूश होतात. मग ते नसलं की बिछान्यातून उठताच येईना." हे सांगताना ती तोंडावर हात धरून बोलत होती, कारण पुढचे दात आता मोडून नुसते खुंट उरले होते.

ती घरी आली त्या आठवड्यात आमच्या दिवाणखान्यात बैठक भरली. धाकटे दीर आले, पुण्याहून विहीण-व्याही आले. सून आतल्या खोलीत पलंगावर होती. मधलं दार लागलेलं, पण आमची दारं जुनी आहेत, त्यांच्यातून सगळं ऐकू जातं. हे मला ठाऊक होतं. दिरांनाही ठाऊक असावं.

दीर म्हणाले, "वहिनी, उगी परेशान होऊ नका. घरातल्या घरात निपटवू. लोकांना टायफॉइड सांगा. महिनाभरात ती माहेरी जाईल, पुढचे कागद मी बघतो. पोरगा तरुण आहे, त्याची जिंदगी कायकू खराब करायची? झाकली मूठ सव्वा लाखाची."

विहीणबाई रडायलाच लागल्या. "ताई, आमच्या धाकटीचं बघणं चाललंय हो. घरात ही अशी असली तर कोण येईल?" त्या वाईट बाई नाहीत. घाबरल्या होत्या. आणि माझा मुलगा गालिच्याकडे बघत बसला होता.

मी शिक्षिका होते. मागच्या बाकापर्यंत आवाज कसा पोचवायचा हे मला येतं. मी तो आतल्या खोलीपर्यंत पोचवला.

"भावजी," मी म्हटलं, "नवरात्रात तिची ओटी भरून मिरवली ती या घरानं. तेव्हा ती आमची सून होती. आणि आजारी पडल्यावर ती पुण्याची झाली होय? साडी आहे का ती, धाग्यात खोट निघाली म्हणून दुकानात परत द्यायला? उद्या मला काही झालं तर मला कुठं पाठवाल? माझं माहेर तर राहिलं नाही."

"वहिनी, तुम्हाला दुनियादारी कळत नाही."

"हौ, नाही कळत. ती इथंच राहील. आणि टायफॉइडबिइड मी कुणाला सांगणार नाही. मुलींना निबंधात खोटं लिहू नका म्हणून शिकवत आले, आता नवीन धडा नक्को." मग मुलाकडं वळले. "तुला जायचं असेल तर तू जा. तू ऐन तारुण्यातला, कमावता. खोली मिळेल तुला कुठंही. तिला आत्ता मिळणार नाही."

ह्यांनी नुसतं माझ्याकडं पाहिलं आणि दिरांना म्हणाले, "चहा घेणार का?" आमच्या ह्यांचा एवढाच लढा, पण तो योग्य वेळी आला. मुलगा उठला आणि आत गेला. बराच वेळ बाहेर आला नाही. दीर चहा न घेता गेले.

आता सगळं गोडगोड झालं असं कुणाला वाटत असेल तर ते तसं नाही. या नशेवर असं औषध नाही की घेतलं आणि उतरली. हॉस्पिटलात समुपदेशन असायचं, मुलगा तिला घेऊन जायचा आणि स्वतःही बसायचा. बाकी सगळं घरात. ती दिवसच्या दिवस झोपायची. उठली की नुसती भिंतीकडं बघायची. तिला कशातच गोडी वाटत नव्हती. आंब्याची फोड समोर ठेवली तरी म्हणायची, "चव लागत नाही, आई." कालचं आज आठवायचं नाही. उरलेले खुंट काढावे लागले, तोंड सुजलं. मी मऊ भात कालवायचे, वरण गाळून द्यायचे, भाकरी दुधात कुस्करायचे. दिवसातून तीन वेळा ताट समोर नेऊन ठेवायचं, खाल्लं तरी ठीक, नाही खाल्लं तरी पुढच्या वेळी पुन्हा ताट. माझ्या हातात तेवढंच होतं आणि ते मी हट्टानं केलं.

मंडळातल्या बायकांचे फोन यायचे. "सून दिसत नाही, काही गोड बातमी?" मी म्हणायचे, "नशा करत होती. मेथ. आता उपचार चालू आहेत." काही जणी फोन कटल्यासारखं करायच्या. एक म्हणाली, "अग, असं बोलायचं असतं का?" मी म्हटलं, "मग कसं बोलायचं असतं ते शिकव." पुन्हा तिचा फोन आला नाही. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, पण धूर मात्र सगळ्या जणी दाबून धरतात आणि आत गुदमरतात.

उन्हाळ्यात एकदा ती दातांच्या डॉक्टरकडे जाते म्हणून एकटी गेली. मी दुपारी कलंडले होते. उठून स्वयंपाकघरात आले तर तांब्याचा हंडा लखलखत होता. ओट्यावरची सगळी भांडी घासून ओळीनं मांडलेली. दुसऱ्या बाईला आनंद झाला असता. मी मात्र तिथंच खाली बसले. ती मोरीपाशी होती, एकच डबा पुन्हा पुन्हा घासत. तिनं वळून पाहिलं, आणि मला कळलंय हे तिला कळलं.

त्या दिवशी मी भयंकर चिडले. जे बोलू नये ते बोलले. दीर बरोबर होते, असंही बोलले. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "पाठवा मला. मलाही आता कंटाळा आलाय माझा." त्या आवाजानं माझा राग झर्रकन उतरला. ती निघायची भाषा करत होती. पुण्याला नव्हे, त्याच्याही पलीकडे. मी उठून तिच्या हातातला डबा काढून घेतला, तिला हॉस्पिटलात नेलं आणि रिक्षात सांगितलं, "पडलीस तर उचलीन. पुन्हा पडलीस तर पुन्हा उचलीन, आणि दर वेळी शिव्या घालीन. ते सहन करायची तयारी ठेव." तिनं माझा हात धरला. हात घामानं थबथबलेला होता.

त्यानंतर तिनं घेतलेलं नाही. पुढचं मला माहीत नाही, तिलाही नाही, आणि डॉक्टरीणही काही हमी देत नाही.

मग नवरात्र आलं. घट बसवताना मी ह्यांना सांगितलं, या वर्षी उपास नाही. कुणाचाच नाही. हे म्हणाले, "काय वाटेल लोकांना?" आणि माझा चेहरा बघून स्वतःच म्हणाले, "वाटू दे." अखंड दिवा लावला, तेल भरपूर घातलं, आणि सगळे झोपायला गेलो. एका सकाळी उठून पाहिलं तर तो विझला होता. सुनेच्या खोलीतून घोरण्याचा आवाज येत होता. मी वात पुढं सारली, तेल घातलं, काडी ओढली आणि चहाला लागले. आकाश कोसळलं नाही.

अष्टमीला बायका येणार होत्या. बोलावलं होतं मी सगळ्यांनाच, आणि सगळ्या आल्याही. उत्सुकता कुणाला सुटते? सून सकाळपासून खोलीतच होती. कवळी अजून बसवायची होती. गेल्या संक्रांतीपासून ती आमच्या तिघांशिवाय आणि हॉस्पिटलातल्यांशिवाय कुणासमोर बोलली नव्हती, कुणासमोर जेवली नव्हती, आणि हसली तर आमच्यासमोरही नव्हती. मी दारात जाऊन म्हटलं, "पान मांडलंय. यायचं की नाही ते तू ठरव. मी ओढून नेणार नाही." आणि परत फिरले. खरं सांगते, त्या दारापासून घटापर्यंतचं अंतर मला फार वाटलं.

घटासमोर पाट होता, रांगोळी होती, ताटात पुरणपोळी, वरणभात, वाटीत दूध. ज्येष्ठ काकूंनी विचारलंच, "घट बसलेत आणि हे जेवण कुणासाठी ग?"

"सवाष्ण जेवू घालायची रीत आहे ना नवरात्रात?" मी म्हटलं. "बाहेरून कायकू बोलवायची? माझ्या घरात आहे की एक."

"अग पण घरातल्या सुनेनं तर उपास—"

आतलं दार वाजलं. सून आली. जांभळी साडी, मी दिलेली. थोडी भरली होती, गालांवर मांस आलं होतं. नेहमीसारखा हात तोंडावर होता. ती कुणाकडं न बघता पाटावर बसली. पुरणपोळीचा तुकडा मोडायला दोन्ही हात लागतात, विशेषतः दात नसताना तो दुधात भिजवायचा असेल तर. ती थांबली. मग तिनं तोंडावरचा हात काढला.

खालच्या अंगणातून, फुलांच्या राशीभोवती फेर धरणाऱ्या तेलुगू बायकांची बतुकम्माची गाणी ऐकू येत होती. तिनं तुकडा भिजवला, खाल्ला, दुसरा भिजवला, तोही खाल्ला. या बायकांसमोर मी रडणार नव्हते.

काकू शेवटी म्हणाल्या, थोड्या दुखावलेल्या आवाजात, "मागच्या वर्षी केवढा कडक उपास केला होतास ग पोरी. मी पाया पडले होते तुझ्या."

मी तोंड उघडलं. उत्तर तयार होतं माझ्याकडं, चांगलं झणझणीत. पण सुनेनं मान वर केली. पुढचे दात नव्हते, शब्दांतून हवा जात होती, तरी एकेक शब्द कळत होता.

"काकू, तो उपास नव्हता. मी नशेत होते. मला भूकच लागत नव्हती. आता लागते."

मग तिनं ताट माझ्याकडं सरकवलं आणि हसली, तशीच, सगळ्या बायकांसमोर, तोंडभरून.

"आई, उपास नक्को. वरण वाढा."

मी वाढलं. वर तूपही घातलं.